जुन्या मिशन शाळेची इमारत : इतिहास कोणत्या सालापर्यंत लिहावा?

सरवटे ते सराफा · ९ सप्टेंबर, रात्री ९.४०

सर्व सभासदांना नमस्कार. इंदूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी स्मरणिकेसाठी शहरातील एका जुन्या मिशन शाळेच्या इमारतीवर लेख लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. इमारतीच्या मालकीविषयी वाद चालू असल्यामुळे तिचा पत्ता येथे देत नाही. जाणकारांना ती वर्णनावरून ओळखू येईल, परंतु त्यांनीही कृपया नाव घेऊ नये. काळ्या दगडाचे जोते, विटांच्या जाड भिंती, तिन्ही बाजूंनी ओसरी, मधोमध एक लांब दालन, त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या आणि वर इंग्रजी कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, उतरते छप्पर, अशी तिची रचना आहे.

मिशनची शाळा बंद होऊन दोन पिढ्या लोटल्या. त्यानंतर तेथे फाळणीनंतर आलेल्या कुटुंबांची बिऱ्हाडे होती, सरकारी प्राथमिक शाळा भरली, रेशनचे दुकान चालले, टंकलेखनाचे वर्ग झाले, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांचे, सांगाडे वर्षभर ठेवले गेले आणि आता एक कोचिंग क्लास आहे. स्मरणिकेच्या संपादक मंडळाचे म्हणणे असे की लेख मिशनची शाळा बंद झाली तेथे थांबवावा, कारण पुढे जे झाले तो इतिहास नसून भाडेकरूंची यादी आहे. मला हे पटत नाही. पण न पटण्याचे कारण मला नीट मांडता येत नाही, म्हणून हा धागा काढला.

दुसरा प्रश्न असा की इमारतीवर पाया घातल्याची शिला कोठेही दिसत नाही. छपरावरून पडलेल्या एका कवेलूवर बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेचे नाव आणि १८६५ हा आकडा उठवलेला आहे. त्यावरून इमारत १८६५ ची धरावी काय?

चुना आणि वीट · ९ सप्टेंबर, रात्री १०.२५

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. धरू नये. १८६५ हे बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला त्याचे साल आहे आणि ते त्या कारखान्याच्या कौलांवर पुढे कित्येक वर्षे उठवले जात होते. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या जुन्या घरांचे मालक हाच आकडा दाखवून आपले घर १८५७ च्या धामधुमीनंतर लगेच बांधले असल्याचे सांगतात.

त्या कवेलूचा उपयोग मात्र वेगळ्या रीतीने होतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने बासेल मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले. म्हणजे बासेल मिशनचे नाव असलेले कौल त्या युद्धाच्या आधीचे असण्याची शक्यता फार मोठी आहे. तरी कौलावरून छपराची तारीख लागते, भिंतीची नाही. आणि कौले तर एका घरावरून उतरवून दुसऱ्या घरावर चढवण्याची रीतच होती. मागच्या बाजूच्या खोल्यांत लोखंडी तुळया असतील तर त्यांवर काय उठवले आहे ते पाहावे. टाटांचे नाव असेल तर ती खोली १९१२ च्या आधीची असू शकत नाही, कारण जमशेदपूरला पोलाद त्या वर्षी निघू लागले.

रामबागकर · ९ सप्टेंबर, रात्री ११.०५

१८६५ अशक्य असण्याचे आणखी एक कारण आहे. ती शाळा जर कॅनडाच्या मिशनची असेल, आणि वर्णनावरून ती त्यांचीच वाटते, तर ते मिशन इंदुरात आले तेच मुळी १८७७ मध्ये. कॅनडातील प्रेस्बिटेरियन चर्चने जे. एम. डग्लस यांना इंदूरला आणि जे. फ्रेझर कॅम्पबेल यांना महूला पाठवले. त्यांच्याही आधी, १८७३ पासून, मिस फेअरवेदर आणि मिस रॉजर या दोघी उत्तर हिंदुस्थानात अमेरिकन मिशनबरोबर काम करीत होत्या आणि त्याही इंदूरचे काम सुरू होताच इकडे आल्या. हे मी मुद्दाम लिहितो, कारण स्मरणिकांतील लेखांत नेहमी पाद्रीसाहेबांची नावे येतात आणि शाळा ज्यांनी प्रत्यक्ष चालवल्या त्या बायकांची राहून जातात.

आरंभीच्या शाळा भाड्याच्या घरांत भरत. पुढे जॉन विल्की यांनी १८८७ मध्ये महाविद्यालय काढले, तेच आजचे इंदूर ख्रिश्चन कॉलेज. होळकर कॉलेज त्यानंतर चार वर्षांनी, १८९१ मध्ये निघाले. जागा मिळवून, विटा पाडून, स्वतःच्या शाळा बांधण्याची मिशनची उमेद साधारण याच काळापासून दिसते, तेव्हा शोध १८८५ च्या पुढे सुरू करावा असे सुचवतो. आमच्या घरी तर असे ऐकले आहे की मिशनच्या सर्व जागा महाराजांनी खुशीने बक्षीस दिल्या.

छावणीवाला · १० सप्टेंबर, सकाळी ६.५०

रामबागकर, बाकी सारे मान्य; पण ते ‘खुशीने बक्षीस’ जरा तपासून घ्यावे लागेल. दुसरे तुकोजीराव होळकर यांच्या कारकिर्दीत दरबार आणि मिशन यांचे अजिबात सख्य नव्हते. भर बाजारात उपदेश करण्यावरून १८८० च्या दशकाच्या आरंभी वरचेवर खटके उडाले आणि मध्य हिंदुस्थानचे एजंट लेपेल ग्रिफिन, इंग्रज असूनही, मिशनरींच्या मदतीला गेले नाहीत. संस्थानिकाशी बिघाड नको, हा त्यांचा हिशेब होता. वातावरण निवळले ते त्या दशकाच्या उत्तरार्धात. १८८६ मध्ये तुकोजीराव वारले आणि शिवाजीराव गादीवर आले. म्हणून दरबाराने जागा दिली असेल तर ती केव्हा दिली, हे साल ठरवण्यासाठी फार महत्त्वाचे आहे.

शिवाय इमारत होळकरांच्या हद्दीत आहे की रेसिडेन्सीच्या, म्हणजे इंग्रज एजंटाच्या, हे आधी पाहावे. आज आपण एका रस्त्यावरून दुसऱ्यावर सहज वळतो, पण त्या काळी मध्ये एक सरहद्द होती आणि रेसिडेन्सीच्या आवारात दरबाराचा हुकूम चालत नसे. हद्द ठरली म्हणजे कागद कोठे शोधायचे तेही ठरते. रेसिडेन्सीची जागा असेल तर सेंट्रल इंडिया एजन्सीचे दप्तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. मिशनचा स्वतःचा पत्रव्यवहार टोरांटोला युनायटेड चर्चच्या अभिलेखागारात आहे. आणि होळकर दरबाराचे कागद पाहायचे तर भोपाळची वारी करावी लागेल.

पोहे विदाउट जिरावण · १० सप्टेंबर, सकाळी ८.१५

दिल्ली, टोरांटो, भोपाळ. स्मरणिका याच दिवाळीची आहे ना?

जुना फळा · १० सप्टेंबर, सकाळी ९.३०

मी संपादक मंडळाच्या बाजूने लिहितो, कारण त्यांची बाजू घेणारे येथे कोणी दिसत नाही. इमारत ज्या हेतूने उभी राहते तो हेतू तिच्या रचनेत उतरलेला असतो. लांब दालन प्रार्थनेसाठी आणि सर्व वर्ग एकत्र बसवण्यासाठी, दोन्ही अंगांच्या खोल्या वर्गांसाठी, ओसरी डब्याच्या सुटीसाठी, उंचावरची उजालदाने पाटीवर सावली पडू नये म्हणून. रेशनच्या दुकानाने त्या इमारतीला काय दिले? एक खिडकी फोडली आणि तिला लोखंडी फळी लावली, एवढेच. ज्या वापराने इमारतीला काही दिले नाही, उलट तिचे काही घेतलेच, त्याला इतिहासात शाळेच्या बरोबरीचे पान देणे मला न्यायाचे वाटत नाही.

शाळेचा इतिहास लिहायचा तर तो पुरेसा मोठा आहे. मिशनच्या आधी इंदुरात शिक्षण नव्हते असे नाही. १८४१ मध्ये निघालेल्या इंदूर मदरशात इंग्रजी, फारसी, हिंदी आणि मराठी अशा चार शाखा होत्या. त्या शाळेत कोण जात होते आणि मिशनच्या शाळेत कोण जाऊ लागले, हा फरक मांडला तरी लेख भरून जाईल. नोकरीच्या आशेने इंग्रजी शिकायला येणारा दरबारी कारकुनाचा मुलगा आणि ज्याला दुसरी शाळा दारात उभे करीत नव्हती असा मुलगा, हे दोघे एका बाकावर बसणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती आणि त्यावरून शाळा ओस पडण्याचे प्रसंगही मिशनांवर सर्वत्र आले आहेत.

रुखवत · १० सप्टेंबर, दुपारी १.०५

सरांचे म्हणणे मुलांच्या शाळेपुरते ठीक आहे. पण ती मुलींची शाळा असेल तर? कॅनडाच्या चर्चमध्ये स्त्रियांची परदेशी कार्यासाठी वेगळी संस्था होती, १८७६ पासूनची, आणि मुलींच्या शाळा, घरोघर जाऊन शिकवणे आणि दवाखाना हे सारे त्यांच्याकडे होते. डॉ. एलिझाबेथ बीटी १८८४ मध्ये आणि डॉ. मॅरियन ऑलिव्हर १८८६ मध्ये इंदूरला आल्या. ज्या घरांत पुरुष डॉक्टरला उंबरा ओलांडू देत नसत, तेथे या दोघींना माजघरापर्यंत वाट होती, आणि मागोमाग अक्षरओळखही आत गेली.

आमच्या पणजीला मिशनच्या बाई शिवणकाम शिकवायला घरी येत. सासूबाईंनी अट घातली होती की सुई चालेल, पुस्तक चालणार नाही, आणि बाई गेल्यावर त्या बसल्या त्या जागी पाणी शिंपडले जाईल. पणजीने कशिद्याच्या कापडावर अक्षरे भरायला घेतली तेव्हा कोणाला हरकत घेता आली नाही, कारण ते शिवणच होते. ते कापड पुढे तिच्या लेकीच्या रुखवतात मांडले गेले. म्हणून सांगते, शाळा कोणाची होती हे ठरवताना हजेरीपटावरच्या नावांवर थांबू नये; शाळेत कधीच न गेलेल्या बायकाही तिच्या विद्यार्थिनी होत्या.

माळीवाड्याची लेक · १० सप्टेंबर, सायंकाळी ४.४०

मी मूळची अहिल्यानगरची, म्हणजे आमच्या बोलण्यात अजून नगरचीच, लग्नानंतर इंदूरला आले. रुखवत ताईंच्या म्हणण्याला पुस्ती जोडते. नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची शाळा काढली. सावित्रीबाईंचे शिक्षिकेचे प्रशिक्षणही नगरला फॅरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे झाले. फॅरारबाई १८२७ मध्ये मुंबईत उतरल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. शाळेचा सर्वांत मोठा परिणाम तिच्या आवाराबाहेर, दुसऱ्याच गावी, दुसऱ्यांच्या हातून झाला. मग ‘शाळा बंद झाली तेथे इतिहास संपला’ ही रेघ आपण कोणत्या साली ओढणार?

ग्वाल्हेर गेट · १० सप्टेंबर, सायंकाळी ६.२०

आमच्याकडे उलटे उदाहरण आहे. १८५८ नंतर ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांच्या पलटणीकडे होता. १८८६ मध्ये त्यांनी किल्ला आणि मुरारची छावणी शिंद्यांना परत दिली आणि बदल्यात झाशी घेतली. गोऱ्या शिपायांसाठी किल्ल्यावर बांधलेल्या बराकी रिकाम्या झाल्या आणि १८९७ मध्ये माधवराव शिंद्यांनी सरदारांच्या मुलांसाठी काढलेली शाळा, आजचे सिंधिया स्कूल, पुढे त्याच बराकींत वसली. जुना फळा सरांचा नियम लावला तर त्या इमारतींचा इतिहास १८८६ मध्ये संपला आणि त्यानंतरची शाळा ही भाडेकरू ठरली. ग्वाल्हेरात कोणी हे ऐकून घेणार नाही.

जुना फळा · १० सप्टेंबर, सायंकाळी ७.००

ग्वाल्हेर गेट, शाळेने बराकीला काही दिले, म्हणून ती भाडेकरू ठरत नाही. माझा नियम सालाचा नाही, देण्याघेण्याचा आहे. रेशनच्या दुकानाचे देणे कोणी दाखवून द्यावे, मी ते मान्य करीन.

मांडवीकर · १० सप्टेंबर, रात्री ९.१५

बडोद्याहून लिहितो. आमच्याकडे १८२५ मध्ये बिशप हेबर आले तेव्हा छावणीतील चर्चचा अर्पणविधी त्यांच्या हस्ते झाला, म्हणजे चर्च जुने; पण मिशनच्या शाळांचा खरा काळ नंतरचा, मेथडिस्टांचा. छपन्नच्या (संवत १९५६ च्या) दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, अनाथ झालेली मुले मिशनने सांभाळली आणि वसतिगृहे व शाळा वाढल्या. त्याच सुमारास सयाजीराव महाराज सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करीत होते: १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध राज्यात. सरकारच गावोगाव शाळा काढू लागले की मिशनच्या शाळेपुढे प्रश्न उभा राहतो की आता आपण वेगळे काय द्यायचे. माझ्या मते आपल्या संस्थानी शहरांत मिशनच्या अनेक इमारतींचा वापर बदलण्याचे एक मोठे कारण हे आहे, आणि ते अपयशाचे लक्षण मानू नये. इंदूरच्या शाळेचे दार बंद का झाले, हे लेखात आले नाही तर लेख अपुरा वाटेल.

पोहे विदाउट जिरावण · १० सप्टेंबर, रात्री ९.३०

मिशनच्या शाळेत मुले बाटतील, या भीतीने आमच्या पूर्वजांनी पोरांना घरी बसवले. त्याच इमारतीत आता कोचिंग क्लासने घरटी एक मूल आपल्या पंथाला लावले आहे. दीक्षा दोन वर्षांची आणि दक्षिणा आगाऊ.

धागा संपादक · १० सप्टेंबर, रात्री १०.१०

विनोदास हरकत नाही. मात्र काही प्रतिसादांत सध्याच्या मालकी-वादातील पक्षांचा उल्लेख आल्याने ते काढून टाकले आहेत. मालकी कशी बदलत गेली हा इतिहासाचा भाग आहे. आज ती कोणाची असावी, हे ठरवण्याची जागा हा धागा नाही.

छावणीवाला · ११ सप्टेंबर, सकाळी ७.०५

तेवढा इतिहासाचा भाग थोडक्यात सांगतो, कारण कागदांवर निरनिराळी नावे दिसली की माणूस गोंधळतो. इमारत बांधली ती कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चने. १९२४ मध्ये येथील मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या आणि १९२५ मध्ये कॅनडात युनायटेड चर्च ऑफ कॅनडा निघाल्यावर मध्य हिंदुस्थानचे काम त्याच्याकडे आले. नोव्हेंबर १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. भिंत जागची हलली नाही. सातबाराच्या भाषेत बोलायचे तर कब्जेदाराच्या रकान्यातले नाव बदलत गेले आणि आमच्या भागातील नामांतरणाची कामे कशी चालतात ते सर्वांना ठाऊक आहे. त्यात संस्थान जाऊन मध्यभारत आला आणि मध्यभारत जाऊन मध्य प्रदेश. दोन्ही बाजूंची दप्तरे एकाच काळात हलत होती.

फवारणी · ११ सप्टेंबर, सकाळी १०.४५

मी आरोग्य खात्याच्या मलेरिया विभागातून निवृत्त झालो. सरवटे ते सराफा यांना एक विचारायचे आहे: इमारतीची मागची भिंत पाहिली का? समोरच्या भिंतीला सगळे रंग देतात, मागची कोणी पाहत नाही, म्हणून तेथे बरेच शिल्लक राहते.

आमचे राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण १९५३ मध्ये सुरू झाले आणि १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. डी.डी.टी.ची फवारणी झाली की फवारणीवाले दाराजवळच्या भिंतीवर तारीख आणि खोल्यांची संख्या लिहीत. किती खोल्या फवारल्या आणि किती बंद होत्या, हेही. ती नोंद सापडली तर त्या दिवशी इमारतीत किती खोल्या राहत्या होत्या ते कळेल. जनगणनेच्या वेळी गेरूने किंवा डांबराने घरक्रमांक टाकत. कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दिसू लागतात. देवीचा रोगी कळवणाऱ्याला बक्षीस, असाही मजकूर भिंतींवर लिहिला जाई. भारतातील शेवटचा स्थानिक रोगी मे १९७५ मध्ये सापडला आणि १००० रुपयांचे बक्षीस त्या अखेरच्या काळातले, म्हणून रकमेवरूनही साल लागते. आणि निवडणुका. १९५१-५२ पासून जी सरकारी शाळा असेल तेथे मतदान केंद्र आणि त्याचा क्रमांक रंगाने भिंतीवर. क्रमांक बदलला की जुन्यावर चुन्याचा एक हात मारून नवा लिहीत, आणि चुना काही वर्षांनी उडून जातो.

आम्ही लिहिले ते कोणी पुढे वाचावे म्हणून नव्हते, वरचा साहेब तपासणीला येई म्हणून होते. पण सरकारी माणसाने तारखेसह लिहिलेला मजकूर आणखी कोठे फुकट मिळतो?

सरवटे ते सराफा · ११ सप्टेंबर, रात्री ८.५०

फवारणी काका, आपला प्रतिसाद वाचून आज दुपारी जाऊन आले. मागच्या भिंतीवर आपण सांगितले त्यातले पुष्कळ आहे. मतदान केंद्राचे किमान तीन क्रमांक एकमेकांवर दिसतात. एका दाराशेजारी इंग्रजी अक्षरांत डी.डी.टी. आणि खाली तारीख आहे, तिचे साल वाचता येत नाही. खोल्यांचा आकडा मात्र मूळ रचनेत बसतो त्याहून मोठा आहे. दालनाच्या दारावर निळ्या रंगात ‘शासकीय प्राथमिक’ आणि त्याखाली ‘…भारत’ एवढी अक्षरे उरली आहेत. कोपऱ्यातील खोलीच्या आढ्यावर काजळी इतकी जाड आहे की बोट काळे होते.

मागच्या खोल्यांच्या तुळयांवर टाटांचे नाव स्पष्ट आहे.

चुना आणि वीट · ११ सप्टेंबर, रात्री ९.२०

उत्तम. म्हणजे मागच्या खोल्या १९१२ च्या नंतरची वाढ. मूळ इमारत म्हणजे समोरचा भाग. ‘…भारत’ ही अक्षरे ‘मध्यभारत’ची असतील तर ती पाटी २८ मे १९४८ ते ३१ ऑक्टोबर १९५६ या साडेआठ वर्षांतलीच असू शकते. इतक्या नेमकेपणाने तर पाया घातल्याची शिलासुद्धा कधीकधी बोलत नाही, कारण शिला आधी बसते आणि बांधकाम पैसे येतील तसे चालते.

खोल्यांचा आकडा मोठा येण्याचे कारण ओसरीत शोधावे. बिऱ्हाडे असताना ओसऱ्यांना आडभिंती घालून खोल्या केलेल्या असतात. जमिनीच्या फरशीवर कुडाच्या किंवा अर्ध्या विटेच्या भिंतीची रेघ राहते. पाणी टाकून पाहिले तर ती वेगळ्या वेळात सुकते.

सिंधी कॉलनीच्या शेजारी · ११ सप्टेंबर, रात्री १०.००

काजळीचे उत्तर मी देऊ शकतो. आमच्या शेजारच्या आजोबांचे बालपण अशाच एका शाळेत गेले. ही तीच की दुसरी, ते सांगता येणार नाही. सिंधमधून आलेली कुटुंबे मिळेल त्या सरकारी आणि संस्थांच्या इमारतींत राहिली. एकेका वर्गात दोन-तीन कुटुंबे, मध्ये गोणपाटाचे पडदे, आणि चूल कोपऱ्यात, कारण पावसाळ्यात बाहेर पेटत नसे. आजोबा सांगत की वर्गातला भिंतीतला फळा त्यांच्या आईने हिशेबासाठी वापरला: पापडाचे किती शेर उडीद, कोणाकडून किती येणे. दुसऱ्या बाजूला मुले बाराखडी गिरवीत. सकाळी हिशेब, संध्याकाळी बाराखडी. जुना फळा सरांनी या वापराने इमारतीला काय दिले असे विचारले होते. त्या दोन-चार वर्षांत छपराखाली माणसे होती, चूल पेटती होती, गळके कवेलू कोणीतरी वर चढून बदलत होते. रिकाम्या इमारतीचे काय होते ते चुना आणि वीट यांना विचारा.

चुना आणि वीट · ११ सप्टेंबर, रात्री १०.१५

पाच पावसाळे पुरतात. कौल सरकते, वासा कुजतो, मग भिंतीच्या माथ्यावर पिंपळ येतो. वापर कितीही ओबडधोबड असला तरी त्याने छप्पर टिकते. पॅट्रिक गेडीस होळकर दरबारासाठी इंदूरचा नगररचना अहवाल करून गेले, तो १९१८ मध्ये छापला गेला. जुन्या वस्त्या सरसकट पाडण्यापेक्षा थोडी काटछाट आणि दुरुस्ती करून त्या राहत्या ठेवाव्यात, हे त्यांचे सांगणे. आणि स्मरणिकेच्या संपादकांना टाउन हॉल दाखवा. १९०४ चा किंग एडवर्ड हॉल स्वातंत्र्यानंतर गांधी हॉल झाला. त्याचा इतिहास १९४७ पाशी थांबवणारा लेख त्यांनी छापला असता का?

जुना फळा · १२ सप्टेंबर, सकाळी ८.००

गांधी हॉल सभेसाठी बांधला आणि सभेसाठीच वापरला, त्यामुळे तो दाखला येथे लागू पडत नाही. परंतु छप्पर टिकवणे हे देणे आहे, एवढे मी मान्य करतो. रेशनच्या दुकानाला त्यामुळे एक ओळ मिळेल, पान नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कोणत्या सालापर्यंत लिहावे, हे ठरवण्याआधी लेखिकेने दाखिल-खारिज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या आणि शाळा सोडलेल्या मुलांची नोंदवही, शोधावे. शाळा बंद झाली तरी हे रजिस्टर कोणी फेकत नाही, कारण जन्मतारखेच्या दाखल्यासाठी लोक पन्नास वर्षांनीही येतात. ते जवळच्या चालू शाळेत किंवा शिक्षण खात्याच्या कार्यालयात जमा होते. मिशनची शाळा आणि नंतरची सरकारी शाळा यांच्या रजिस्टरांतील क्रमांक सलग असतील तर मध्ये शाळा बंद झालीच नाही, फक्त चालक बदलला. तसे निघाले तर संपादक मंडळाची रेघच पुसली जाईल, आणि माझीही.

रुखवत · १२ सप्टेंबर, सकाळी ९.१५

सर, त्या रजिस्टरात पालकाचा व्यवसाय हा रकाना असतो. तो मिळाला तर कोणाची मुले त्या बाकांवर बसली, हे तर्काने लिहावे लागणार नाही. आईचे नाव मात्र मिळणार नाही.

सरवटे ते सराफा · १२ सप्टेंबर, रात्री ९.०५

सर्वांचे आभार. लेखाची मांडणी आता उलट्या दिशेने करावी असे ठरवते आहे: मागच्या भिंतीपासून आरंभ करून थराथराने मागे, कोचिंगपासून मध्यभारतच्या पाटीपर्यंत, तेथून काजळीपर्यंत, आणि मग टाटांच्या तुळयांच्या आधीच्या मूळ दालनापर्यंत. पाया घातल्याचे साल मिळाले तर ते शेवटच्या परिच्छेदात येईल, न मिळाले तर मूळ इमारत १८७७ नंतरची आणि मागच्या खोल्यांच्या आधीची, एवढे लिहून थांबेन. शाळा बंद का झाली हा मांडवीकरांचा प्रश्न रजिस्टर हाती येईपर्यंत मोकळा ठेवते.

एक घाईची गोष्ट आहे. दिवाळीपूर्वी मागच्या भिंतीला रंग द्यायचे ठरले आहे, रंगाचे डबे आवारात येऊन पडले आहेत. क्लासचे व्यवस्थापक भले आहेत, छायाचित्रे घ्यायला त्यांची हरकत नाही. दारावरची निळी पाटी रंगाऱ्याला वगळायला सांगतो, असेही ते म्हणाले. छायाचित्रे कशी घ्यावीत?

चुना आणि वीट · १२ सप्टेंबर, रात्री ९.३०

समोरून फ्लॅश मारू नये, अक्षरे सपाट होतात. ऊन भिंतीवर तिरपे पडते तेव्हा, म्हणजे सकाळी लवकर किंवा सायंकाळी घ्यावीत. नाहीतर अंधारात बाजूने विजेरी धरावी. प्रत्येक चित्रात मोजपट्टी असावी. भिंत ओली करून घासू नये, कोणी कितीही सांगितले तरी. वरच्या भागासाठी शिडी लागेल.

फवारणी · १२ सप्टेंबर, रात्री ९.४५

मी येतो. तारखेचे साल मला वाचता येईल, कारण आकडे लिहिण्याची आमच्या खात्याची एक ढब होती. रविवारी सकाळी जमेल का?

जुना फळा · १२ सप्टेंबर, रात्री ९.५५

रविवारी तेथे चाचणी परीक्षा असते, चारशे मुले आवारात असतात. शनिवारी सकाळी सातला या. शिडी माझ्याकडे आहे, पण ती धरायला दोघे लागतील.

पोहे विदाउट जिरावण · १२ सप्टेंबर, रात्री ९.५८

एक मी. पोहे कोणी आणायचे तेवढे लिहा.